कांदा कलरचा शालू

दौंडच्या माझ्या दुकानात हल्ली नवऱ्या मुली येतात त्या बसायच्या आधीच सांगतात, काकू, भडक काही काढू नका. पिस्ता दाखवा, लेमन दाखवा, लव्हेंडर दाखवा. सोबत आई असते, मावशी असते, कधी होणारी सासूसुद्धा असते, आणि कुणाच्याही कपाळाला आठी पडत नाही. मी साड्या पसरते आणि मला बसवत नाही. उगाच उठून पंखा वाढवते, पाणी मागवते, बाहेर जाऊन स्टँडकडं नजर टाकून येते. नवरा म्हणतो, गिऱ्हाईक समोर असताना तुझ्या पायाला काय भिंगरी लागते गं? फिके रंग काढले की लागते, दुसरं काय. ते मला आवडत नाहीत असं कुणी समजू नये. मला ते फार आवडतात, आणि तिथंच तर सगळं बिनसलं होतं.

लग्नाआधी मी शिरूरला एका मॅचिंग सेंटरमध्ये कामाला होते. आमची वस्ती कवठे येमाईच्या अलीकडं, रानात. सकाळी एसटीनं यायचं, संध्याकाळी एसटीनं जायचं. दुकान म्हणजे अरुंद बोळच. दोन्ही भिंतींना ब्लाउजच्या कापडाचे तागे उभे केलेले. बाई साडी घेऊन आली की तिला जुळणारं कापड काढायचं, फॉल काढायचा, पिकोला टाकायचं. ट्यूबच्या उजेडात काहीही जुळल्यासारखं दिसतं, म्हणून एका हातात साडीचा पदर आणि दुसऱ्या हातात ताग्याचं टोक धरून पायरीवर उन्हात जायचं, तिथं खरं काय ते कळायचं. दिवसभर आत-बाहेर, आत-बाहेर. दुसऱ्या पोरी कंटाळायच्या. मला ते बरं वाटायचं, कारण एका जागी बसायचं म्हटलं की माझा जीव आंबतो.

सुरुवातीला मागणी ठरलेली असायची. हिरवा, लाल, मोरपंखी, वांगी, चिंतामणी. फिके तागे खाली, काउंटरच्या पाठीमागं टाकलेले. म्हाताऱ्या आणि नवरा गेलेल्या बायका आल्या की वाकून तो ढीग उपसायचा. त्या बायकाही फार बघायच्या नाहीत, कुठलाही द्या म्हणायच्या.

मग रांजणगावला कंपन्या आल्या. कंपन्यांमागून साहेब लोक आले आणि त्यांच्या बायका शिरूरला भाड्यानं राहायला लागल्या. त्या दुकानात आल्या की त्यांच्या साड्यांकडं आम्ही बघतच राहायचो. हिरवा म्हणावा तर पुरता हिरवा नाही, गुलाबी म्हणावा तर गुलाबी नाही, कशालाच धड नाव देता येईना. शेठ पुण्याला माल आणायला गेले आणि येताना नाव घेऊन आले, इंग्लिश कलर. आम्हाला म्हणाले, खालचा ढीग वर घ्या आणि दारात लावा.

आम्ही वर घेतला. तागे तेच बरं का. कालपर्यंत जे कापड खाली मान घालून नेलं जात होतं, तेच आता मेमसाहेब उन्हात धरून वाहवा करत नेत होत्या. मला आधी हसू यायचं. मग राग यायला लागला, आणि मग तेच रंग मला इतके आवडायला लागले की घरी जाताना एसटीत डोळे मिटले तरी तेच दिसायचे. कांदा कलर तर विचारूच नका. कांद्याचं वरचं सुकलेलं टरफल काढलं की आत जो ओला, लाजरा रंग निघतो ना, तो. आमच्या रानात काढलेल्या कांद्याची रास, आरण, लागायची, जन्मभर कांदे निवडले, पण तो रंग नेसायचा असतो हे मला शिरूरच्या त्या बोळात कळलं.

खालच्या ढिगातलं एक गिऱ्हाईक माझ्या घरातच होतं. माझी आई. आम्ही धनगर. माझा बाप मेंढ्या घेऊन कोकणात उतरायचा, तिकडंच तापानं गेला, तेव्हा मी अंगणात रांगत असेन नाहीतर नुकती चालत असेन. मला तो आठवत नाही. आई मला आठवते ती राखाडी, बदामी, उडालेल्या निळ्या पातळातच. चुलत्याच्या, आप्पांच्या, आधारानं आम्ही तिथंच राहिलो. मेंढ्या हळूहळू कमी झाल्या, रान कसायला लागलो. आई दुसऱ्यांच्या रानात खुरपायलाही जायची. मला शिकवलं तिनं, शिरूरला कामाला पाठवलं तिनं, लोक नावं ठेवायला लागले तर त्यांच्या तोंडाला लागली तीच.

माझं लग्न दौंडच्या मुलाशी ठरलं. मुलगा रेल्वेत, घर स्वतःचं, सासूबाई बोलायला फटकळ पण मनात काही ठेवत नाहीत असं सगळे म्हणत होते. सुपारी फुटली त्या दिवशी ओसरीवर बसून माणसांनी मानपान ठरवला. कन्यादानाला आप्पा आणि चुलती बसणार. हळद सवाष्णी लावणार. आईचं नावच निघालं नाही. आई आत चहा गाळत होती, तिला ते ऐकू येत होतं, आणि तिचा हात जरासुद्धा थांबला नाही. नंतर मी तिला विचारलं तर म्हणाली, रीतच हाय, त्यात काय एवढं. मी मागं भांड्यापाशी बशीन.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला लग्नात दुसरं काही नको होतं, दागिना नको, घोडा नको. मला आई माझ्या शेजारी उभी पाहिजे होती. बोहल्यापाशी, सगळ्यांदेखत, पुढं. आप्पांना सांगितलं तर ते म्हणाले, पोरी, सोयऱ्यांसमोर हसं करू नको. चुलतीनं तर कानाला हात लावले. मी दुकानात तागे जोरात आपटायला लागले. शेठ म्हणाले, लग्न ठरलेल्या मुली लाजतात, तू भांडतेस काय कापडाशी?

बस्ता दौंडला बांधायचा ठरला. बस्ता म्हणजे दोन्हीकडची माणसं एका दुकानात गादीवर बसून लग्नाचं सगळं कापड एकदम घेतात. आईनं यायचा प्रश्नच नव्हता, अशा कामाला तिच्यासारख्या बाईला कोण नेतंय. मी, आप्पा आणि चुलती एसटीनं न्हावऱ्यावरून गेलो. दुकानात साड्यांचे ढीग पडले. करवलीला, आत्याला, मावश्यांना असं करत करत सासूबाई चुलतीला म्हणाल्या, आता तुमच्या जावेला फिक्यातली काढा एखादी. दुकानदारानं न विचारता एक गठ्ठा ओढला आणि त्यातली कांदा कलरची साडी फेकली. चांगली होती, बारीक जरीची किनार. चुलती म्हणाली, व्हय, शोभंल.

मग माझ्या शालूची पाळी आली. लाल, राणी, हिरवा असे सगळे पुढ्यात पडले. माझ्या तोंडून निघून गेलं, मला शालू त्याच रंगात हवाय. कुठल्या, म्हणाले. आईला काढलाय त्या.

ठरवून गेले होते असं नाही. पण बोलल्यावर मला एकदम पटलंच. नवरी फिक्यात उभी राहिली की फिका हा कुणाचा वेगळा काढलेला रंग राहणार नाही. मांडवात आम्ही दोघी एकसारख्या, मग बघू तिला मागं कोण ढकलतं ते. दुकानदार खूश झाला, म्हणाला, पुण्यात नवऱ्या मुली हेच मागतात, चॉइस आहे बरं का. त्यानं आतून कांदा कलरचा शालू आणला, काठाला मोर, पदर जरीनं भरलेला. सासूबाईंनी तो हातात धरून बराच वेळ उलटासुलटा केला. लग्नात फिका? असं पुटपुटल्या. मग म्हणाल्या, रेल्वे कॉलनीतल्या ऑफिसरांच्या बायका नेसतात, घेऊ द्या, दौंडला चालतंय. चुलतीनं मला मांडीला असा चिमटा काढला की वळ उठला.

शालू ब्लाउज शिवायला आणि फॉल लावायला माझ्याकडंच आला. मी तो छातीशी धरून घरी आणला आणि आईपुढं उलगडला. वाटलं, हिच्या डोळ्यात पाणी येईल. आई जात्यापाशी डाळ निवडत बसली होती. तिनं आधी तिची साडी बघितली, मग शालू बघितला.

"ह्यो कुणी काढला?"

मी म्हणलं, मी. तुझ्यासारखाच. आता दोघी बरोबरीनं उभ्या राहू.

ती डाळीचं सूप बाजूला ठेवून उठली. आवाज चढवला नाही तिनं. माझी आई चिडली की हळू बोलते, त्याचंच भ्या वाटायचं.

"तुझा बाप गेला तवा माझ्याकडं फिकं एक पातळ नव्हतं. नवं कुठनं आणू? माझ्या लग्नातली हिरवी, लाल पातळं सोड्यात घातली आन् उकळली. रंग निघंना. परत उकळली. दगडावर आपटून आपटून काढलाय मी एकेक रंग, माझ्या हातानं. आन् तू त्योच हौसेनं नेसतीस व्हय?"

मला हे माहीत नव्हतं. पण मीही तिचीच पोर, लगेच गप्प बसते होय? मी म्हणलं, अगं आता दिवस बदललेत, साहेबांच्या बायका मागून मागून नेतात, त्याला फॅशन म्हणतात.

"साहेबाच्या बायकुच्या कपाटात लाल बी आसंल," आई म्हणाली. "तिला वाटंल तवा ती लाल नेसंल. मला कोण नेसू देतंय?"

आणि मग एवढंच म्हणाली की मी त्या रंगात उभी राहिले तर ती मांडवात पाय ठेवणार नाही. पुढंही नाही आणि मागंही नाही. रानात जाऊन बसेल.

ते दिवस कसे गेले मला विचारू नका. सकाळी वाटायचं, दुकानातून दुसरा एखादा शालू मागून आणावा. दुपारी वाटायचं, का म्हणून? माझं काय चुकलं? मी तर तिच्यासाठीच केलं होतं. आणि सोयऱ्यांनी घेतलेला शालू नवरीनं बदलायचा म्हणजे त्यांचं नाक कापणं, लग्न तिथंच अडलं असतं. आई माझ्याशी बोलायची, जेव म्हणायची, डोक्याला तेल लावायची, पण शालूचं नाव काढलं की उठून जायची. मी गिऱ्हाईकाला भलताच तागा काढून द्यायची. पायरीवर उन्हात गेले की तिथंच उभी राहायची आणि आतून शेठ हाका मारायचे. ब्लाउज शिवून आला, फॉल लागला. मी शालू घरी नेऊन पेटीत ठेवला. दोघींपैकी एकीनंही माघार घेतली नाही.

हळदीच्या आदल्या दिवशी मी परकर आणायला शिरूरला गेले होते. दुपारी परत आले तर चुलती ओसरीवर डोक्याला हात लावून बसलेली. काय झालं म्हणलं तर नुसतं घरामागं बोट केलं. मी धावत मागं गेले. तीन दगडांवर आमचं मोठं जर्मनचं पातेलं, ज्यात जत्रेचं मटण शिजायचं. खाली जाळ विझत आलेला. पातेल्यातून सांडलेलं लालभडक पाणी मेंढ्यांच्या वाड्याकडं ओघळत गेलेलं आणि कोंबड्या त्यातून लाल पाय उमटवत हिंडत होत्या. दोरीवर माझा शालू. डाळिंबी. टपटप गळत होता.

आईनं बाजारातून कपड्याच्या रंगाच्या पुड्या आणल्या होत्या. कधी आणल्या, कुणाला कळू दिलं नव्हतं. मूठभर मीठ टाकून, काठीनं ढवळून, हातानं उपसून काढला होता तिनं तो. दगडावर बसून ती हात राखेनं घासत होती आणि हात मनगटाच्या वरपर्यंत लाल होते.

मी किंचाळले. काय काय बोलले ते आठवत नाही, आठवतं तेही इथं लिहिण्यासारखं नाही. इतका देखणा रंग, आणि त्याचं काय करून ठेवलं होतं! पदर काळपट, मध्येच एक पट्टा फिका, मोरांची जरी मंदावलेली, सगळं कसं बँडवाल्यांच्या झग्यासारखं. मी रंगाच्या धंद्यातली, मला बघवेना. ब्लाउजही तिनं त्यातच बुडवला होता. कापडानं रंग घेतला, पण शिवणीच्या दोऱ्यानं घेतला नव्हता. काखेत, गळ्याला, फॉलच्या कडेला प्रत्येक टाका कांदा कलरचा तसाच्या तसा उठून दिसत होता. आज इतकी वर्षं झाली तरी मी म्हणते, शालूची माती केली तिनं.

माझं ओरडून झाल्यावर मी विचारलं, आता येशील ना?

"यीन की. मागं बशीन."

मग एवढा उद्योग कशाला केलास, म्हणलं. ती म्हणाली, तू पुढं नवरीवानी दिसशील, म्हणून. परत हात घासायला लागली. राख झाली, लिंबू झालं, रॉकेल झालं. तिच्या हातांवरून तो रंग हलला नाही.

लग्न वस्तीवरच होतं, घरापुढं मांडव टाकून. दौंडचं वऱ्हाड ट्रकनं आलं. दुसरा शालू कुठून आणणार, मी तोच नेसले. घामानं मानेला, पाठीला लाल ओघळ यायला लागले, चुलती सारखी फडक्यानं पुसत होती आणि पुसता पुसता देवाचं नाव घेत होती. मला बाहेर आणलं, पाटावर उभी केली, आणि सासूबाई माझ्याकडं बघून जागच्या जागी थबकल्या.

"ह्यो आमचा शालू न्हाई," त्या म्हणाल्या.

सोयऱ्यांनी दिलेला शालू नवरीनं टाकला, यासारखा अपमान नाही आमच्यात. त्यांच्याकडची मोठी माणसं उठून उभी राहिली. कुणी म्हणालं, आधी ह्याचा उलगडा करा, मग अक्षता. आप्पांचं तोंड मातीसारखं झालं. अंतरपाटाच्या पलीकडं नवरा उभा होता, त्याला काही दिसत नव्हतं, तो हळूच काय झालं, काय झालं विचारत होता.

सासूबाई जवळ आल्या. त्यांनी काठ हातात धरला, मोर बघितले, मग निऱ्यांचा घोळ जरा उलटा केला आणि फॉलच्या कडेला तो फिका दोरा बघितला. त्यांच्या बोटांना लाल लागलं. म्हणाल्या, शालू हाच हाय. पण ह्याला रंग कुणी घातला?

चुलती म्हणाली, पोरीचीच हौस, विहीणबाई. मीही तोंड उघडलं. मी दुकानात काम करते, मला पिस्ता-बदामी कळतं, मीच घातला म्हणले असते तर खपून गेलं असतं.

तेवढ्यात मागं बायकांत हालचाल झाली. आई सकाळपासून पाण्याच्या पिंपापाशी, पदराखाली हात झाकून बसली होती. ती उठून येत होती. अंगावर बस्त्यातली कांदा कलरची साडी. बायका बाजूला होत होत्या, काही नुसत्या बघत होत्या. ती बोहल्यापाशी आली, माझ्या आणि सासूबाईंच्या मध्ये उभी राहिली आणि पदराखालून दोन्ही हात बाहेर काढून पुढं धरले. बोटं, तळवे, मनगटं, सगळं लाल. भर मांडवात एखाद्या सवाष्णीचे नसतील इतके लाल.

"म्या घातला," ती म्हणाली. "माझा रंग म्या काढला, त्यो काढला. पोरगी मला रंगातच द्यायची हाय. शालू खराब झाला आसंल तर मला बोला, तिला बोलायचं न्हाई."

सासूबाईंनी त्या हातांकडं बघितलं. मग तिच्या साडीकडं, जी त्यांनीच फिक्यातली म्हणून घेतली होती. पदराला बोटं पुसली. भटजींकडं वळून म्हणाल्या, म्हणा हो तुमचं, ऊन किती चढलंय.

भटजींनी घसा खाकरला. माणसं खाली बसली. आईनं हात परत पदराखाली घेतले आणि ती मागं वळली, पिंपाकडं जायला. मी हार दुसऱ्या हातात घेतला आणि तिचं मनगट धरलं. तिनं ओढून बघितलं. मी आणखी घट्ट धरलं.

"सोड," ती दातओठ खाऊन हळू म्हणाली, "लोकं बघत्यात."

"बघू देत," मी म्हणलं. "बघायलाच बोलावलंय त्यांना."